काळी जमीन, पाणंद आणि फोर-व्हील-ड्राइव्ह वाहन : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : काळी जमीन, वाफसा, पाणंद रस्ता, फोर-व्हील-ड्राइव्ह, टायरमधील हवेचा दाब, डिफरन्शियल, मोटार वाहन अधिनियम

प्रास्ताविक :

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्यात गावे एकमेकांस जोडणारे पक्के रस्ते मधल्या काळात पुष्कळ झाले. परंतु गावापासून शेतापर्यंतचा आणि शेतातील आखाड्यापर्यंतचा शेवटचा एक-दोन किलोमीटरचा रस्ता बहुतेक ठिकाणी अजूनही मातीचाच आहे. कागदोपत्री त्याला पाणंद किंवा शिवरस्ता म्हणतात. बोलण्यात तो पांदण किंवा गाडीवाट असतो. उन्हाळ्यात या वाटेवरून कोणतेही वाहन जाते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच वाट चालत जाण्यासही अवघड होते.

दुर्गम वाटांवर फोर-व्हील-ड्राइव्ह वाहन चालविणे हा अलीकडे हौशी मंडळींचा छंद झाला आहे. त्यासाठी वाहनाची उंची वाढविणे, मोठे टायर बसविणे, पुढे विंच लावणे असे अनेक फेरफार केले जातात. मराठवाड्याच्या लहान शहरांतही अशी वाहने आता दिसू लागली आहेत. त्यांच्याविषयीचे ज्ञान मात्र प्रामुख्याने परक्या भूमीतून आलेले आहे. कोणी अमेरिकेच्या खडकाळ वाळवंटातील अनुभव सांगतो, तर कोणी मलेशियाच्या जंगलातील. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भरू लागली आणि तेथील चिखलातून जाणाऱ्या वाहनांच्या चित्रफिती सर्वत्र पाहिल्या गेल्या. त्या पाहून हिंगोलीच्या शिवारात गाडी घालणारा चालक सहसा पहिल्या शंभर मीटरमध्येच फसतो. त्याचे वाहन निकृष्ट असते असे नाही. गोव्याचा चिखल आणि पूर्णाकाठचा चिखल हे दोन भिन्न पदार्थ आहेत, एवढीच गोष्ट त्याच्या लक्षात आलेली नसते.

वाहनातील कोणता फेरफार उपयोगी आणि कोणता निरुपयोगी, याचा निर्णय चाकाखालच्या मातीवर अवलंबून असतो. हिंगोली जिल्ह्यात मातीचे दोन ठळक प्रकार असल्याने हा निर्णय दर दहा-पंधरा किलोमीटरवर उलटतो. हे सूत्र धरून प्रस्तुत लेखात मृदाशास्त्र, यंत्रशास्त्र आणि कायदा या तिन्ही अंगांनी विषयाची मांडणी केली आहे.

जीप : युद्धभूमीपासून शिवारापर्यंत

या वाहनप्रकाराचा इतिहास थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. तिचे वजन सुमारे अकराशे किलो, टायर अरुंद आणि चारही चाकांना इंजिनाची गती देण्याची सोय असे तिचे स्वरूप होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. पुढे मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१८-१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. महिंद्राची थार २०१० मध्ये व तिची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा आणि २०२३ मध्ये आलेली मारुतीची जिम्नी ही या वर्गातील अन्य परिचित नावे होत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मराठवाड्यातील ग्रामीण प्रवासी वाहतूक ज्या ‘काळी-पिवळी’ जीपगाड्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली, त्या दिसावयास जीपच्याच वंशातील असल्या तरी त्यांपैकी बहुतेकींच्या केवळ मागील चाकांना गती मिळते. दिसण्यावरून वाहनाची क्षमता ठरत नाही, हे आपल्या भागातील प्रवाशांना या गाड्यांनी पूर्वीच दाखवून दिले आहे.

चाकाखालची माती

हिंगोली जिल्ह्याचा पाया दक्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाचा आहे. अजिंठा डोंगररांगेच्या पूर्वेकडील विस्तारात ज्यांना हिंगोलीचे डोंगर म्हटले जाते, त्या उंच-सखल भागात, म्हणजे औंढा, सेनगाव आणि हिंगोली तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात, मातीचा थर पातळ असून वीत-दीड वीत खाली मुरूम लागतो. उलट पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत भारी काळी जमीन आहे. तिची खोली काही ठिकाणी अनेक फूट असते. वसमतची हळद, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच सुपीक पट्ट्याची ओळख आहे.

बेसॉल्टच्या विदारणातून निर्माण झालेल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण फार मोठे असते आणि त्या चिकणमातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे प्रमुख असतात. या खनिजांची रचना पुस्तकाच्या पानांसारखी, पातळ थरांवर थर अशी असते. थरांमधील बंध दुर्बल असल्याने त्यांच्यामध्ये पाणी शिरते, थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी उडाले की ती आकसते व उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गोव्याच्या जांभ्या मातीतील प्रमुख खनिज केओलिनाइट होय. त्याच्या थरांमधील बंध घट्ट असल्याने पाणी आत शिरत नाही. माती ओली होते, निसरडी होते, पण फुगत नाही आणि तितकी चिकटतही नाही. गोव्यातील स्पर्धेत यशस्वी ठरलेले तंत्र येथे का चालत नाही, त्याचे मूळ खनिजांच्या या भेदात आहे.

मृदायांत्रिकीत चिकणमातीच्या दोन मर्यादा सांगितल्या जातात. ओलावा ज्या प्रमाणाखाली गेला की माती वळत नाही, तुटते, ती आकार्यता मर्यादा. आणि ज्या प्रमाणावर गेला की ती द्रवासारखी वाहू लागते, ती द्रव मर्यादा. काळ्या जमिनीत या दोन मर्यादांमधील अंतर फार मोठे असते. म्हणजे ओलाव्याच्या फार विस्तृत पट्ट्यात ही माती लोण्यासारखी मऊ आणि चिकट राहते. पाऊस थांबल्यावरही वाट दिवसचे दिवस चालण्याजोगी होत नाही, ती यामुळे. वरचा पापुद्रा वाळतो, चालकाला रस्ता कोरडा वाटतो आणि चाक पापुद्रा फोडून खाली जाते.

आपल्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट एका शब्दात बांधून ठेवली आहे. तो शब्द म्हणजे ‘वाफसा’. मातीत पाणी आणि हवा यांचा योग्य मेळ असण्याची, औत चालविता येण्याची अवस्था म्हणजे वाफसा. वाफसा नसताना शेतात बैल घालू नयेत हे ज्ञान प्रत्येक घरात आहे. मात्र तोच नियम चाकालाही तंतोतंत लागू पडतो, याचा विचार फारसा होत नाही.

चाक, हवा आणि पकड

मऊ जमिनीवर वाहन रुतेल की नाही, हे प्रथमतः चाकाच्या दाबावरून ठरते. टायर जमिनीवर जो दाब देतो तो स्थूलमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. माल-माणसांसह १६०० किलो वजनाचे वाहन घेतले तर प्रत्येक चाकावर सुमारे ४०० किलो भार येतो. टायरमध्ये ३० पीएसआय, बोलीभाषेत ‘तीस पौंड’, हवा असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो होतो आणि टायरचा जमिनीला टेकणारा भाग सुमारे १९० चौरस सेंटिमीटर असतो. हवा निम्मी, म्हणजे १५ पौंड केली की टायर पसरतो, टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो आणि दाब निम्म्यावर येतो. टायरच्या बाजूच्या भिंतीचा ताठरपणा या हिशेबात धरलेला नाही, म्हणून प्रत्यक्षातील फरक थोडा कमी असतो. तरीही एक रुपयाचा खर्च नसलेला हा उपाय हजारो रुपयांच्या फेरफारांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. यावर वाहनशौकिनांचा विश्वास सहसा बसत नाही, कारण या उपायात बाहेरून दाखविण्यासारखे काही नाही.

हवा कमी करण्याला अर्थात पथ्ये आहेत. ट्यूबलेस टायरमधील हवा १५ पौंडांच्या फार खाली नेल्यास वळणावर टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो. जुन्या जीपच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये रिमवरच टायर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उखडू शकतो. आणि डांबरी रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरलीच पाहिजे; कमी हवेच्या टायरवर वेगाने जाणे हे टायर तापवून फोडण्यास निमंत्रण आहे. म्हणून हवा सोडण्याआधी हवा भरण्याचे साधन गाडीत आहे ना, हे पाहावे.

याच हिशेबातून एक साधी परीक्षा निघते. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहूनही कमी असतो. म्हणजे ज्या वाटेवर चालणाऱ्याचा पाय घोट्यापर्यंत रुततो, तेथे त्याच्या चौपट-पाचपट दाबाचे चाक रुतणारच. गाडीतून उतरून पुढची वाट चालून पाहणे हे सर्वांत विश्वसनीय मापन होय.

आता टायरच्या रुंदीचा वादग्रस्त प्रश्न. अरुंद टायर चांगला की रुंद? दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या अनुभवाचे दाखले देतात आणि दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. सेनगाव-औंढ्याच्या हलक्या जमिनीत, जेथे चिखलाच्या पातळ थराखाली मुरूम आहे, तेथे अरुंद टायर चिखल कापून कठीण थरापर्यंत पोहोचतो व त्याला पकड मिळते. रुंद टायर मात्र चिखलावर तरंगत घसरतो. वसमत भागातील खोल काळ्या जमिनीत अरुंद टायरला खाली काहीच सापडत नाही. तो खाली जातच राहतो आणि आस जमिनीला टेकला की थांबतो. तेथे रुंद, कमी हवेचा टायर हवा. एकाच जिल्ह्यात, एकाच पावसात, परस्परविरुद्ध उत्तरे येतात ती अशी. वाहनाच्या दुकानात ‘चिखलाचा टायर’ म्हणून जो एकच माल विकला जातो, त्याच्या जाहिरातीत हा भेद कोठेही आढळत नाही.

काळ्या मातीचा दुसरा गुण म्हणजे चिकटपणा. टायरवरील खाचा तिने भरल्या की उत्तमातील उत्तम टायर गुळगुळीत होतो. खाचांतील माती बाहेर फेकण्यासाठी चाकाला काही गती लागते. पण खोल जमिनीत चाक जागच्या जागी जोरात फिरविले तर ते खड्डा खणते. या दोन गरजांचा मेळ साधणे हेच येथील चालनकौशल्य होय. गाडी पुढे सरकत असेल तोवर मध्यम, सलग गती ठेवावी आणि ती थांबू लागली की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा. शेवटच्या चार सेकंदांच्या हट्टामुळे बाहेर निघू शकणारी गाडी आसापर्यंत रुतते.

चार चाके आणि एक अडचण

चारही चाकांना गती मिळते म्हणजे चारही चाके सदैव ओढतात, अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल ही दंतचक्रांची योजना असते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. यामुळे एका चाकाखाली ओला चिखल आणि दुसऱ्याखाली कोरडी जमीन असेल, तर कोरड्या बाजूच्या चाकालाही चिखलातील चाकाइतकाच अल्प जोर मिळतो. चिखलातील चाक गरगर फिरते, दुसरे स्तब्ध राहते. पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांवर हे घडले तर फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची प्रत्यक्षात दोनच चाके फिरत राहतात आणि गाडी उभीच असते.

यावरील उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. तो लावला की एका आसाची दोन्ही चाके एकत्रच फिरतात. गुरखा गाडीत पुढील व मागील दोन्ही आसांना ही सोय कारखान्यातूनच दिलेली असते. काळ्या जमिनीसाठी हा सर्वांत उपयुक्त यांत्रिक भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण त्यालाही एक अपवाद आहे. आपल्या पाणंदी बहुधा मध्ये उंच आणि नालीच्या बाजूला उतरत्या असतात. अशा आडव्या उतारावर मागची दोन्ही चाके लॉकमुळे एकदम घसरू लागली तर गाडीचा मागील भाग सरळ नालीत जातो. लॉक नसलेल्या गाडीचे एक चाक फिरत असताना दुसरे स्थिर चाक तिला आडवे घसरू देत नाही. म्हणून लॉक हा सरळ व सपाट भागात वापरावा, कडेच्या उतारावर काढून टाकावा.

गिअरची ‘लो’ श्रेणी चाकावरचा जोर साधारण दोन ते अडीच पट करते व गाडीला क्लच न जाळता अगदी सावकाश चालू देते. मुरमाड चढ-उतारावर तिचे महत्त्व मोठे आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पुढील व मागील आस असे एकत्र जोडून गाडी चालवू नये. वळणावर दोन आसांच्या अंतरातील फरक कोठेच जिरत नाही आणि ताण यंत्रावर येतो.

उंचीचा मोह

फेरफारांमध्ये सर्वाधिक लोकप्रिय आणि, काळ्या जमिनीच्या दृष्टीने, सर्वांत कमी उपयोगाचा फेरफार म्हणजे स्प्रिंग बदलून गाडीची उंची वाढविणे. गाडी रुतते तेव्हा प्रथम जमिनीला टेकतो तो आसावरील डिफरन्शियलचा गोळा. अखंड आस असलेल्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने सांगाडा वर जातो, आस होता तेथेच राहतो. आस वर नेण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मोठ्या व्यासाचा टायर. पण व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर चाकाचा जमिनीवरील जोर सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो, ब्रेकवर अधिक ताण येतो आणि वेगदर्शक काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवितो.

उंची वाढल्याचा परिणाम स्थिरतेवर होतो तो वेगळाच. उदाहरणादाखल, दोन चाकांमधील रुंदी दीड मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७५ सेंटिमीटर असलेली गाडी गणिताने ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की हा कोन सुमारे ४१ अंशांवर येतो. स्प्रिंग व टायर दबत असल्याने प्रत्यक्ष गाडी याहून बरीच लवकर उलटते. टपावर सामानाची जाळी आणि तीवर दोन पोती ठेवली तर हिशेब आणखी बिघडतो. नव्या थारची जमिनीपासूनची उंची मुळातच २२६ मिलिमीटर आणि पुढील चढाईचा कोन ४१.८ अंश आहे. पाणंदीला यापेक्षा अधिक कोन सहसा लागत नाही. ओढ्याच्या तुटलेल्या काठावर लागला तर दोन फावडी माती ओढून काठ उतरता करणे स्वस्त पडते.

विंचविषयी एवढेच की, तिला बांधावयास भक्कम आधार लागतो. डोंगराळ भागात झाड वा खडक मिळतो. पूर्णाकाठच्या मोकळ्या शिवारात शंभर मीटरपर्यंत एखादे बाभळीचे झाडही नसते. अशा वेळी शेतकरी जे करतो ते यांत्रिक दृष्ट्या अगदी योग्य आहे. तो चाकाखाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या अंथरतो. काड्यांची ही चटई चाकाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरविते व टायरला पकडीसाठी काहीतरी देते. ट्रॅक्टरने गाडी ओढताना मात्र जुनी साखळी वापरू नये आणि बघ्यांना साखळीच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे. चिखलाच्या शोषणामुळे रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाहूनही अधिक ओढ लागू शकते, आणि तुटलेल्या साखळीचा फटका जीवघेणा असतो.

ओढे व नाले यांबाबत फेरफारांवर मुळीच भिस्त ठेवू नये. कंपनी सांगते ती पाण्यातील खोली, थारच्या बाबतीत ६५० मिलिमीटर, संथ पाण्यासाठी असते. वाहत्या पाण्यात गाडीची बंद पेटी काही अंशी तरंगते, चाकांवरील भार घटतो आणि गुडघ्याइतके पाणीही तिला आडवे ढकलू शकते. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी कयाधूला आलेला पूर जिल्ह्याने पाहिला आहे. उंच हवानळी बसविल्याने इंजिनात पाणी जाणार नाही. गाडी वाहून जाण्याचे ती थांबवीत नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा भिन्न होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलांनाच प्राधान्य दिले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाहनाच्या पुढे लोखंडी संरक्षक दांडे बसविण्यास केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या जीपगाड्या नव्याने घडवून विकण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला होता. तेथून हौसेने गाडी आणणाऱ्याने तिची कागदपत्रे आधी तपासावीत हे उत्तम.

‘मी तर शेतातच चालवितो’ हा युक्तिवाद अनेकदा केला जातो. अधिनियमातील सार्वजनिक स्थळाच्या व्याख्येत, ज्या वाटेवर लोकांना जाण्याचा हक्क आहे ती कोणतीही वाट येते. पाणंद तीत निश्चितच बसते. शिवाय अपघात झाल्यास, विमा कंपनीला न कळविलेला फेरफार दावा अडण्याचे कारण ठरू शकतो. हवेचा दाब बदलणे हा मात्र कोणत्याही व्याख्येने फेरफार नाही. कायदा आणि मृदाशास्त्र येथे एकाच बाजूला उभे आहेत, हा योगायोग सुखद म्हटला पाहिजे.

चाकोरीचा प्रश्न

येथवर गाडी चिखलातून कशी जाईल याचा विचार झाला. ती गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आज ठरीव वागणुकीसाठी वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ चाकांनी मातीत पाडलेला चर असा आहे. बैलगाडीच्या लोखंडी धावेने या चाकोऱ्या पूर्वीही पडत; त्या अरुंद असत आणि गाड्यांचा वेग बैलाच्या चालीचा असे. ओल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर वा जोरदार फोर-व्हील-ड्राइव्ह वाहन जी चाकोरी पाडते ती रुंद व खोल असते. चाकाखालची माती दाबली जाऊन तिच्यातील पोकळ्या नाहीशा होतात, पाणी मुरत नाही आणि प्रत्येक चाकोरी एक लहान नाली बनते. पुढचा पाऊस तीत साचतो, वाट वाफशावर यावयास आणखी उशीर लागतो. दिवाळीनंतर हे चर तसेच वाळून दगडासारखे कठीण होतात. मग दुचाकीस्वार त्यांत पडतो, बैलाचा पाय मुरगळतो.

हे सर्व ज्या काळात घडते तो काळ लक्षात घेतला पाहिजे. या जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. त्याची काढणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे परतीच्या पावसाच्याच दिवसांत येते. गंजी शेतात पडलेली आहे, मळणीयंत्र पाणंदीच्या तोंडाशी अडले आहे आणि वर आभाळ भरून आले आहे, या स्थितीत शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न एक किलोमीटर वाटेवर अवलंबून असते. आखाड्यावरील आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याची वेळही याच वाटेवर येते. अशा प्रसंगी गावात एखादी चांगली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी व जाणता चालक असणे ही मोठी सोय आहे, आणि तेव्हा चाकोरीचा विचार कोणी करू नये. आक्षेप आहे तो रविवारच्या करमणुकीवर. चार गाड्यांनी अर्ध्या दिवसात मळलेली वाट वीस कुटुंबांची काढणी आठवडाभर लांबवू शकते. ज्यांना चिखलात गाडी चालविण्याचे शिक्षण हवे त्यांनी स्वतःच्या वा परवानगी घेतलेल्या पडीक जमिनीत ते घ्यावे.

शासनाने या वाटांकडे लक्ष दिलेले नाही असे नाही. २०१८ ची पालकमंत्री पाणंद रस्ते योजना आणि २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना यांतून अनेक ठिकाणी कामे निघाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून वाट देण्याबाबत, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार अडविलेली वाट मोकळी करण्याबाबत तहसीलदारांकडे दाद मागता येते. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची किमान रुंदी तीन मीटरच्या आसपास ठेवण्याचे व त्याची नोंद सातबाऱ्यावर घेण्याचे धोरण पुढे आले. पण रुंदी आणि नोंद मिळाली तरी माती तीच राहते. काळ्या जमिनीवर थेट मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत खालची चिकणमाती वर येते आणि मुरूम खाली जातो. आधी दोन्ही बाजूंच्या नाल्या खोल करून पाणी बाहेर काढणे, वाटेचा मध्य उंच घेणे आणि शक्य तेथे वरच्या थरात चुना मिसळून मातीचे फुगणे कमी करणे ही कामे मुरमाच्या आधीची आहेत. चुन्यातील कॅल्शियम थरांमध्ये जाऊन बसते व माती कणीदार होते, हे रस्तेबांधणीशास्त्रात दीर्घकाळ माहीत असलेले तंत्र आहे. पाणंदीच्या अंदाजपत्रकात ते क्वचितच दिसते.

तोवर वाट चालण्याजोगी झाली की नाही हे ठरविण्यासाठी शेतकऱ्याची परीक्षा पुरेशी आहे. वाटेच्या मधून चार-सहा बोटे खोलीवरची मूठभर माती घ्यावी, वळून तिचा गोळा करावा आणि छातीच्या उंचीवरून कठीण जागी टाकावा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे, गाडी घालावी. तो चपटा होऊन तसाच चिकटून राहिला तर गाडी गावातच ठेवावी आणि चालत जावे.